पदवी कीं गोलंदाजी?

बीडहून मांजरसुंब्यावरून केजकडे जाऊं लागलें म्हणजे वाटेंत नेकनूर हें आठवडी बाजाराचें मोठें गांव लागतें. अशा गांवांतील एखाद्या सुशिक्षित एकत्र कुटुंबाची वाचकांनीं क्षणभर कल्पना करावी. आजोबा निवृत्त शिक्षक, एक काका तहसील कचेरींत, दुसरे शेतीवर, वडील शाळेंत गणित शिकवितात. थोरला मुलगा बारावीच्या परीक्षेंत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला आहे आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत त्याला प्रवेशही मिळाला आहे. फी भरावयाच्या आदल्या रात्रीं, पानें वाढलेलीं असतांना, तो खालीं मान घालून म्हणतो, "मला इंजिनिअर व्हावयाचें नाहीं. मला गोलंदाज व्हावयाचें आहे."

पुढें काय होईल हें सांगावयास ज्योतिषी नको. आजोबांचा घांस हातांतच राहतो. काका हंसण्यावारी नेऊं पाहतात. आई स्वयंपाकघराच्या दारांतून एकदां मुलाकडे व एकदां सासऱ्यांकडे पाहते. वडील मात्र कांहींच बोलत नाहींत. त्यांना हंसूंही येत नाहीं आणि रागावतांही येत नाहीं. कारण संध्याकाळीं मैदानावर मुलाचा चेंडू त्यांनीं पाहिलेला असतो.

आजचा हा लेख त्या न बोलणाऱ्या वडिलांसाठीं आहे.

अमेरिकेंतील अशा एखाद्या वडिलांपुढें हा प्रश्न इतक्या तीव्रतेनें उभा राहत नाहीं. तेथें बेसबॉल हा खेळ आहे. त्यांत चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. आपल्याकडे गोलंदाज धांवत येऊन, कोपर न झटकतां चेंडू टाकतो, व बहुधा तो जमिनीवर टप्पा घेऊन फलंदाजाकडे जातो. पिचर मात्र एका लहानशा उंचवट्यावर उभा राहून चेंडू सरळ हवेंतून फेकतो. आपली खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची. त्याचें अंतर ६० फूट ६ इंच. दोघांचें कार्य मात्र एकच: मनगट, बोटें आणि डोकें यांच्या बळावर समोरच्या मनुष्याला फसविणें.

असा एखादा कुशल पिचर कॉलेजांत असला म्हणजे बड्या संघांचे पारखी लोक तेथेंच येऊन त्याला पाहून जातात. इसवी सन १९६५ पासून त्या देशांत होतकरू खेळाडूंना वांटून घेण्याची रीतसर पद्धत आहे. तिला ड्राफ्ट म्हणतात. चार वर्षांच्या कॉलेजांत शिकणारा मुलगा साधारणतः तीन वर्षें पुरीं झाल्यावर किंवा एकविसाव्या वर्षीं त्या निवडीस पात्र होतो. निवड झाली म्हणजे सर्व झालें, असें मात्र नाहीं. त्यानंतर कनिष्ठ लीगच्या पायऱ्या एकेक करून चढाव्या लागतात. लहान गांवांतून मोटारीनें लांबलांबचे प्रवास, तुटपुंजें वेतन, आणि दर वर्षीं मागून येणाऱ्या नव्या मुलांची भीति! पुष्कळांची वाट तेथेंच संपते. आपल्या उत्तर प्रदेशांतील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेक करणाऱ्या तरुणांना २००८ सालीं एका स्पर्धेंतून निवडून पिट्सबर्गच्या संघानें करारबद्ध केलें होतें. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्यें शिरणारे ते पहिले भारतीय. त्यांचें कौतुक पुष्कळ झालें, परंतु तेही कनिष्ठ लीगच्या पुढें जाऊं शकले नाहींत. सांगावयाचें तें इतकेंच कीं, तेथें कॉलेज ही खेळाच्या जिन्याचीच एक पायरी आहे. मुलाला जिना सोडून उडी मारावी लागत नाहीं.

आपल्याकडेही एके काळीं विद्या आणि खेळ यांचें इतकें वांकडें नव्हतें. पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजांत संस्कृत शिकविणारे प्रो. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. त्या वेळीं प्रोफेसरमहाशय पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते! विद्यापीठांच्या आपसांतील रोहिंटन बारिया करंडकाचे सामने १९३५ च्या सुमारास सुरू झाले, आणि पुढें कित्येक कसोटीवीर त्या सामन्यांतून वर आले. पण काळ पालटला. आतां मुलांची पारख चौदा, सोळा, एकोणीस अशा वयांच्या संघांतून होते, आणि नेमकीं तींच वर्षें आपल्या घरांत दहावी, बारावी व प्रवेशपरीक्षा यांचीं असतात. म्हणून आमच्या मुलाला उडी मारावी लागते. ती कशी मारावी, आणि मारणाऱ्याच्या मागें घरानें कसें उभें राहावें, याचें एक उदाहरण बीड जिल्ह्याच्या शेजारींच आहे.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांत, श्रीरामपूर हें उसाच्या पट्ट्यांतील गांव. तेथें १९७८ च्या ऑक्टोबरांत श्री. झहीर खान यांचा जन्म झाला. आज ते पद्मश्री आहेत. परंतु आपली कथा मुलाची असल्यामुळें येथें त्यांचा एकेरी उल्लेख करण्याची वाचकांनीं मुभा द्यावी. घर मध्यमवर्गीय आणि शिक्षणाची चाड असलेलें. मुलगा अभ्यासांत बरा होता आणि इंजिनिअर होण्याचा मार्ग त्याच्यापुढें मोकळा होता. पण तो डाव्या हातानें वेगवान गोलंदाजी करी. डाव्या हाताचा खरा वेगवान गोलंदाज ही चीज आपल्या देशांत फार दुर्मिळ.

येथें वडिलांनीं जें केलें तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. देशांत इंजिनिअर पुष्कळ होतात, तूं वेगवान गोलंदाज हो, अशा आशयाचा उपदेश करून त्यांनीं सतरा वर्षांच्या मुलाला मुंबईस आणलें. घरच्या मनुष्यानें आडवें येण्याऐवजीं स्वतः पुढें होऊन वाट दाखविली. मात्र ही वाट त्यांनीं डोळे मिटून दाखविली नव्हती. मुलगा मुंबईच्या गर्दींत सोडून देऊन ते मोकळे झाले नाहींत. तो योग्य गुरूच्या हातीं जाईल असें त्यांनीं पाहिलें.

तो गुरु म्हणजे नॅशनल क्रिकेट क्लबचे कै. सुधीर नाईक. १९७०-७१ सालीं मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारे हे कर्णधार स्वतः रसायनशास्त्राचे एम्. एस्सी. होते, ही गोष्ट आपल्या वाचकांस विशेष वाटेल. पदवीची किंमत जाणणाऱ्या मनुष्यानेंच पदवी सोडून आलेल्या मुलाला हाताशीं धरलें. मुंबईच्या मैदानांवरून झहीर मद्रासच्या एम्. आर्. एफ्. पेस फाउंडेशनमध्यें गेला. १९८७ सालीं निघालेल्या या संस्थेंत ऑस्ट्रेलियाचे नामांकित गोलंदाज डेनिस लिली वेगवान गोलंदाजीचे धडे देत, आणि श्री. टी. ए. शेखर त्यांच्याबरोबर काम पाहत. धांवावें कसें, खांदा कोठें असावा, पाऊल कोठें पडावें, पाठीला इजा न होतां वेग कसा राखावा, हें सर्व तेथें शास्त्र म्हणून शिकवीत. इंजिनिअरिंग कॉलेज सोडलेला मुलगा एका अर्थीं दुसऱ्या कॉलेजांतच दाखल झाला होता.

मुंबईच्या संघांत जागा मिळणें त्या काळीं फार कठीण. म्हणून झहीरनें बडोद्याची वाट धरली. मुलाला आपल्या गांवाचा, आपल्या प्रांताचा अभिमान असावा हें खरें. परंतु जेथें काम मिळेल तेथें जावें हें त्याहून खरें. बडोद्याकडून रणजी सामने खेळत असतांनाच, २००० सालीं, बंगलोर येथें नव्यानें निघालेल्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या पहिल्या तुकडींत त्याची निवड झाली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत नैरोबी येथें तो भारताकडून पहिला सामना खेळला, आणि तेथेंच ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉ याला त्यानें पायाशीं पडणाऱ्या यॉर्करवर त्रिफळाचीत केलें. नोव्हेंबरांत ढाका येथें बांगला देशाच्या पहिल्यावहिल्या कसोटी सामन्यांत त्याचेंही कसोटीपदार्पण झालें. पुढच्या वर्षीं बडोद्यानें रेल्वेला २१ धावांनीं हरवून रणजी करंडक जिंकला, तेव्हां शेवटच्या डावांत झहीरनेंच रेल्वेची फळी कापून काढली.

गोष्ट येथें संपविली असती तर ती मुलांच्या पुस्तकांत शोभली असती. पण आपल्याला वडीलमंडळींशीं बोलावयाचें आहे, म्हणून पुढची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

२००३ सालच्या विश्वचषकांत झहीरनें १८ बळी घेतले आणि भारत अंतिम सामन्यास पोहोंचला. २३ मार्च रोजीं जोहान्सबर्ग येथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिलें षटक त्याच्या हातीं आलें. सबंध देश दूरदर्शनपुढें बसला होता. त्या एका षटकांत नोबॉल व वाईड यांची भर पडून १५ धावा गेल्या. अवसान अधिक झालें आणि चेंडू हाताबाहेर गेला. त्या दिवशीं सात षटकांत ६७ धावा देऊन त्याला एकही बळी मिळाला नाहीं, आणि भारताचा १२५ धावांनीं पराभव झाला. पुढें दुखापती आल्या. वर्षाअखेर ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाचे पांच बळी घेतले, तर मांडीचा स्नायु दुखावला. नवे, ताजे गोलंदाज पुढें आले, आणि २००६ च्या आरंभीं भारताच्या संघांत झहीरला जागा उरली नाहीं. वय सत्तावीस. कॉलेज केव्हांच सुटलेलें. पदवी हातीं नाहीं. 'मी सांगितलें नव्हतें कां?' असें म्हणणाऱ्या नातलगांना ज्या दिवसाची प्रतीक्षा असते, तो दिवस असाच असतो.

त्या दिवशीं झहीरनें काय केलें? तो इंग्लंडांत वुस्टरशायर या काउंटी संघाकडे गेला आणि पुन्हां शिकूं लागला. काउंटींत जवळजवळ रोजचा खेळ. थंडी, वारा, ओलसर मैदान आणि आज येथें तर उद्यां तेथें असा प्रवास. येथें नुसता वेग पुरा पडत नाहीं, हें ओळखून त्यानें आपली धांव आंखूड केली, शक्ति राखून ठेवण्यास तो शिकला, आणि चेंडूची चकाकती बाजू फलंदाजाच्या नजरेस पडूं नये म्हणून धांवतांना तो हातांत झांकून आणूं लागला. वुस्टरशायरकडून पहिल्याच सामन्यांत त्यानें दहा बळी घेतले. एसेक्सविरुद्ध एकाच डावांत नऊ. आणि त्या एका हंगामांतील काउंटी सामन्यांत एकंदर ७८. वर्षअखेर तो भारताच्या संघांत परत आला.

२००७ च्या उन्हाळ्यांत ट्रेंट ब्रिज येथें एक मौजेचा प्रसंग घडला. झहीर फलंदाजी करीत असतांना खेळपट्टीवर जेली बीन नांवाच्या रंगीत गोळ्या पडलेल्या दिसल्या. इंग्लंडच्या खेळाडूंचा तो पोरकटपणा होता. झहीरला तो रुचला नाहीं. त्यानें मग आपलें उत्तर चेंडूनें दिलें: दुसऱ्या डावांत पांच बळी, सामन्यांत नऊ. भारतानें तो सामना जिंकला, आणि त्याच्या जोरावर १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडांत कसोटीमालिका जिंकली.

आतां बेसबॉलकडे पुन्हां वळावयाचें कारण आहे. अमेरिकन पिचरांच्या भात्यांत 'नकल बॉल' नांवाचा एक जुना बाण आहे. चेंडू मुठींत न धरतां बोटांच्या टोकांनीं किंवा नखांनीं असा चिमटीत पकडतात, कीं सुटल्यावर तो जवळजवळ फिरतच नाहीं. न फिरणारा चेंडू हवेंत डळमळतो आणि त्याची गति कमी होते. फेकणाऱ्याचा हात मात्र पूर्वींच्याच वेगानें खालीं येतो, त्यामुळें फलंदाज फसतो. २०११ च्या विश्वचषकांत झहीरनें हें अस्त्र क्रिकेटमध्यें वापरून दाखविलें. अहमदाबादच्या सामन्यांत ऑस्ट्रेलियाच्या मायकेल हसीसारखा कसलेला फलंदाजही त्यापुढें त्रिफळाचीत झाला. श्रीरामपूरच्या मुलानें बत्तिसाव्या वर्षीं, दहा वर्षें मोठें क्रिकेट खेळून झाल्यावर, पिचरची नवी विद्या शिकून घ्यावी, यांतच त्याच्या यशाचें मर्म आहे.

त्या विश्वचषकाचा अंतिम सामना २ एप्रिल रोजीं मुंबईच्या वानखेडे मैदानावर झाला. पुन्हां पहिलें षटक झहीरच्याच हातीं. या वेळीं लागोपाठ तीन षटकें निर्धाव! पहिल्या पांच षटकांत अवघ्या सहा धावा आणि एक बळी. मागून त्याला मार पडला हेंही खरें. परंतु सामन्याचा आरंभ त्यानें हातांतून जाऊं दिला नाहीं. भारत विश्वविजयी झाला आणि २१ बळी घेऊन झहीर त्या स्पर्धेंत शाहिद आफ्रिदीच्या जोडीनें अग्रभागीं राहिला. २०१५ सालीं तो निवृत्त झाला तेव्हां ९२ कसोटी सामन्यांत ३११ बळी त्याच्या नांवावर जमा होते. जोहान्सबर्गचें षटक आणि वानखेडेचें षटक यांमध्यें आठ वर्षें आहेत. घरांतल्या मंडळींनीं मुलाला संमति द्यावयाची ती या आठ वर्षांना द्यावयाची असते, नुसत्या विजयाच्या दिवसाला नव्हे.

यावरून, मुलानें हट्ट धरला कीं कॉलेज सोडवावें, असा अर्थ कोणीं काढूं नये. उलट बाजूचींही उदाहरणें तितकींच भक्कम आहेत. श्री. इरापल्ली प्रसन्न १९६२ सालीं भारताकडून खेळूं लागले, आणि मग इंजिनिअरची पदवी पुरी करण्यासाठीं कांहीं वर्षें मोठ्या क्रिकेटपासून दूर राहिले. १९६७ सालीं ते परत आले, ते पुढें जगांतील श्रेष्ठ फिरकी गोलंदाजांत गणले गेले. श्री. जवागल श्रीनाथ आणि श्री. अनिल कुंबळे हे दोघेही इंजिनिअर. त्यांपैकीं कुंबळ्यांनीं तर ६१९ कसोटी बळी घेतले. आणखी एक मधली वाट बीडचेच श्री. संजय बांगर यांनीं दाखविली आहे. १९७२ सालीं बीड येथें जन्मलेले बांगर रेल्वेच्या संघांतून खेळले. तेथें खेळाला नोकरीचा आधार होता. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, २००१ च्या डिसेंबरांत, मोहालीस त्यांना कसोटी संघांत स्थान मिळालें. पुढच्या वर्षीं लीड्सच्या ओल्या, ढगाळ हवेंत सलामीला जाऊन त्यांनीं काढलेल्या ६८ धावा आणि नंतर घेतलेले दोन बळी यांचा भारताच्या मोठ्या विजयांत मोलाचा वांटा होता. त्याच बीडच्या सचिन धसनें २०२४ सालीं एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यांत, भारताचे चार गडी ३२ धावांत बाद झाले असतां, ९६ धावा काढून सामना फिरविला. तेव्हां बीड जिल्ह्याच्या मातींत हें पीक येत नाहीं, असें आतां कोणास म्हणतां यावयाचें नाहीं.

मग नेकनूरच्या त्या वडिलांनीं करावें तरी काय? आमच्या मतें, 'पदवी कीं गोलंदाजी' हा प्रश्न त्यांनीं मुलाला विचारूंच नये. त्याऐवजीं तीन प्रश्न विचारावेत. पहिला: तुझा गुरु कोण? श्रीरामपूरच्या मुलाला नाईक मिळाले, शेखर मिळाले. नुसत्या हौसेवर आणि दूरदर्शनवरील सामन्यांवर कोणी गोलंदाज झालेला नाहीं. दुसरा: मुदत किती? दोन वर्षें, तीन वर्षें, जी ठरेल ती सर्वांच्या समक्ष ठरवावी, आणि ती सरेपर्यंत घरांतील कोणींही टोमणा मारूं नये. मुदत संपल्यावर मुलानेंही मुकाट्यानें हिशेब द्यावा. तिसरा प्रश्न सर्वांत कठीण: संघांतून वगळतील त्या दिवशीं काय करशील? यावर जो मुलगा म्हणेल, 'मला वगळणारच नाहींत', त्याला बेलाशक कॉलेजांत पाठवावें. जो म्हणेल, 'पुन्हां शिकायला जाईन', त्याच्याविषयीं मात्र घरानें विचार करावा.

आणि एक गोष्ट घरानें स्वतःशींही ठरवावी. हजारों मुलें चेंडू हातीं घेतात; भारताच्या संघांत गोलंदाजाच्या जागा चार किंवा पांच. बहुतेक मुलें परत येणार. परत आलेल्या मुलासाठीं दार उघडें असेल, पान वाढलेलें असेल, आणि राहिलेली पदवी पुरी करण्यास कोणी हंसणार नाहीं, हें आश्वासन एकत्र कुटुंब जितक्या सहज देऊं शकतें तितकें दुसरें कोणी देऊं शकत नाहीं. दहा माणसांच्या घरांत एका मुलाचीं तीन वर्षें सांभाळणें अशक्य नसतें. दोन माणसांच्या बिऱ्हाडांत मात्र तें फार जड जातें.

तेव्हां फी भरावयाच्या आदल्या रात्रीं ताटावर बसलेल्या त्या वडिलांनीं आपलें मौन सोडावें. रागावूं नये, आणि लगेच होकारही देऊं नये. आजोबांची अनुज्ञा घ्यावी, आणि मुलाला इतकेंच सांगावें, "जेवून घे. उद्यां सकाळीं मैदानावर मीही येतों. तुझा चेंडू मला एकदां नीट पाहूं दे."